हसे आणि हसू

श्रोतेहो, आपल्या मराठी भाषेत ‘हसे’ आणि ‘हसू’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही एकाच धातूपासून निघालेले, दिसायला सख्ख्या भावंडांसारखे. परंतु स्वभावाने मात्र अगदी निराळे. हसू येते, हसू फुटते, हसू आवरता आवरत नाही. हसे मात्र होते. ज्याला हसू येते तो हसणारा असतो आणि ज्याचे हसे होते तो चारचौघांत मान खाली घालून उभा असतो. मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या वाट्याला शतकानुशतके यांपैकी पहिलाच शब्द आला. दुसरा शब्द त्याच्या हाती कसा आला, आणि तो आल्याने त्याचे काही भले झाले का, याची हकिकत आज आपणापुढे मांडावी असा विचार आहे.

परंतु इतिहासाकडे वळण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे. मी सीमाभागातील एका गावात शिक्षक आहे. आमच्याकडे कोणाचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवावयाचे झाले, की ‘याला धारवाडला पाठवा’ असे म्हणण्याची रीत आहे. कारण मनोरुग्णांचे जुने रुग्णालय धारवाडला आहे. महाराष्ट्रात याच कामी ठाण्याचे आणि येरवड्याचे नाव घेतात, हैदराबादेतील मंडळी एर्रागड्ड्याचे घेतात. गाव बदलते, चेष्टा तीच राहते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा आठ-दहा दिवस शाळेत आला नाही. तो परत आला त्या दिवशी हजेरी घेताना मी सहज म्हणालो, “काय रे, धारवाडला भरती झाला होतास की काय?” वर्ग खो खो हसला. तो मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “होय सर, धारवाडलाच गेलो होतो. आईला भेटायला.” वर्गातील हसणे जागच्या जागी थांबले. त्या दिवशी मी काय शिकविले ते मला आठवत नाही. मी काय शिकलो ते मात्र आठवते.

शिक्षकाने केलेली ती चेष्टा वस्तुतः फार जुनी होती. तिचे मूळ शोधू गेल्यास आपण सरळ लंडन शहरात जाऊन पोहोचतो. तेथे १२४७ साली सेंट मेरी ऑफ बेथलेहेम या नावाचा एक मठ स्थापन झाला. पुढे त्याच ठिकाणी मनोरुग्णांना ठेवण्यात येऊ लागले आणि लोकांच्या तोंडी ‘बेथलेहेम’चे ‘बेडलम’ झाले. ख्रिस्तजन्माच्या पवित्र गावाचे नाव झिजत झिजत अखेर इंग्रजी भाषेत गोंगाट आणि अंदाधुंदी यांचा समानार्थी शब्द होऊन बसले. १६७६ साली या रुग्णालयाला मूरफील्ड्स येथे रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने आखलेली भव्य इमारत मिळाली. तिच्या प्रवेशद्वारावर दोन दगडी पुतळे बसविले होते. एक खिन्नतेचा, दुसरा साखळदंडात जखडलेल्या उन्मादाचा. बाहेरून राजवाडा वाटावा अशा त्या इमारतीत लंडनचे नागरिक सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब जात, दारातील पेटीत नाणे टाकीत आणि कोठड्यांतील रुग्णांना पाहून मनसोक्त हसत. दानधर्म झाला आणि करमणूकही झाली! चित्रकार विल्यम होगार्थ याने १७३५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या चित्रमालिकेतील शेवटचे चित्र याच बेडलममधले आहे. चैनबाजीत सर्वस्व गमावलेला तरुण जमिनीवर लोळतो आहे आणि मागे उंची वस्त्रे ल्यालेल्या दोन स्त्रिया पंख्याआडून हा तमाशा पाहत आहेत. होगार्थने रुग्ण रंगविले खरे; परंतु त्याने बोट दाखविले ते पाहणाऱ्यांकडे, असे मला नेहमी वाटते. १७७० साली या बेधडक भेटींवर निर्बंध आले. कोठड्यांपुढची गर्दी त्यामुळे हटली. जिभेवरचा ‘बेडलम’ मात्र हटला नाही. आमच्या वर्गात त्या दिवशी तोच होता.

बेडलमच्या भेटींवर निर्बंध आल्यानंतर आठच वर्षांनी, १८ डिसेंबर १७७८ रोजी, त्याच लंडनमध्ये जोसेफ ग्रिमाल्डी याचा जन्म झाला. आज सर्कशीत किंवा जत्रेत आपण पांढराफटक चेहरा आणि लालभडक गाल असलेला जो विदूषक पाहतो, त्याचे रूप बव्हंशी या ग्रिमाल्डीनेच घडविले. त्याची कीर्ती एवढी, की त्याच्या ‘जोई’ या लाडक्या नावाने पुढे इंग्लंडातील साऱ्याच विदूषकांना ओळखू लागले. परंतु घरी या माणसाच्या नशिबी सुख नव्हते. १८०० साली त्याची पहिली पत्नी बाळंतपणात गेली. रोजच्या कोलांट्या आणि आपटण्यांनी त्याचे सांधे निकामी झाले; १८२८ साली निरोपाचा प्रयोग केला तेव्हा तो उभाही राहू शकत नव्हता, खुर्चीत बसून त्याने लोकांना हसविले. व्यसनाने पोखरलेला त्याचा मुलगा १८३२ साली वारला. स्वतःच्या आडनावावर कोटी करून तो म्हणे, की मी दिवसभर खिन्न असतो तेव्हा कोठे रात्री तुम्हाला हसवतो. ३१ मे १८३७ रोजी तो गेला. त्याच्या आठवणींचे संपादन करण्याचे काम एका तरुण लेखकाकडे आले, त्याचे नाव चार्ल्स डिकन्स.

ग्रिमाल्डीची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. अतिशय उदास झालेला एक मनुष्य वैद्याकडे जातो. वैद्य त्याला तपासून सांगतात, की तुम्हाला औषधाची नव्हे, हसण्याची गरज आहे. आज रात्री ग्रिमाल्डीचा खेळ पाहून या. रोगी म्हणतो, “महाराज, मीच तो ग्रिमाल्डी!” हीच गोष्ट इतर देशांतल्या इतर विदूषकांविषयीही सांगतात, तेव्हा ती घडली असेलच असे नाही. परंतु ती एवढी पसरली याला कारण आहे. वैद्याचा सल्ला चुकला नव्हता. तो इतर सर्वांना लागू पडत होता. एकट्या विदूषकालाच तो लागू पडत नव्हता, कारण त्याचे दुःख रंगाच्या थराखाली राहून गेले होते. लोक हसत होते ते त्याच्या मुखवट्याला. मुखवट्याला मिळालेली टाळी आतल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. येथे आपल्या हकिकतीचा पहिला टप्पा संपतो: रुग्णाचे हसे होणे थांबले नव्हते आणि हसविणाऱ्याला आपले दुखणे सांगण्याची सोय नव्हती.

मुखवटा उतरवून, घरच्या कपड्यांत, स्वतःच्या नावाने लोकांसमोर उभे राहून बोलणे आणि बोलता बोलता हसविणे ही कला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तिला तेव्हा व्याख्यान म्हणत. तिचा सर्वांत थोर आचार्य म्हणजे मार्क ट्वेन. व्यापारात बुडाल्यामुळे डोक्यावर झालेले कर्ज फेडावे म्हणून साठीच्या उंबरठ्यावर आलेला हा लेखक १८९५ साली जगाच्या दौऱ्यावर निघाला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस उतरला, तेथे त्याची विनोदी व्याख्याने झाली आणि तेथून तो बडोद्यासही गेला. बडोद्याचे जे वाचक आज हे वाचीत असतील, त्यांच्या पणजोबांच्या पिढीने हा पाहुणा पाहिला असेल. त्याने जगाला हसवून कर्ज फेडले. परंतु दौरा संपवून तो इंग्लंडात पोहोचतो न पोहोचतो तोच ऑगस्टमध्ये त्याची लाडकी मुलगी सुझी घरी अमेरिकेत मेंदूच्या आजाराने मरण पावली. या प्रवासावर त्याने जे पुस्तक लिहिले त्यातच त्याने असे मत नोंदविले आहे, की विनोदाचा झरा आनंदातून नव्हे तर दुःखातून फुटतो. हे वाक्य हसत लिहिलेले असले, तरी ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

पुढे १९५० नंतरच्या दशकात या एकपात्री बोलण्याला आजचे रूप आले, ज्याला आता सर्वत्र ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. नेपथ्य नाही, संगीत नाही, दुसरे पात्र नाही. एक ध्वनिक्षेपक आणि त्यामागे एक मनुष्य. डिसेंबर १९५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ‘हंग्री आय’ नावाच्या तळघरवजा रंगगृहात मॉर्ट साल नावाचा तरुण साध्या स्वेटरमध्ये, हातात वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला आणि ठरीव चुटके सोडून, जे मनात येते ते बोलू लागला. एकदा माणूस आपल्या मनातले बोलू लागला, की मनाच्या आजाराचा विषय फार काळ दूर राहणे शक्य नव्हते. याच शहरात १९५९ साली जोनाथन विंटर्स या नामांकित विनोदी नटाचे मन ढासळले आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या काळी अशी गोष्ट घरातली माणसेही दबक्या आवाजात बोलत, त्या काळी विंटर्सने पुढे रंगमंचावर तिचा सूचक उल्लेख केला. प्रेक्षक हसले, पण आता ते त्याच्यासह हसत होते.

तथापि या इतिहासातील ज्या व्यक्तीविषयी मला विशेष जवळीक वाटते ती आपल्याच मातीत जन्मलेली आहे. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे झाला. वडील आयरिश, ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातले. मिलिगन यांचे बालपण पुण्याच्या लष्कर भागात गेले आणि तेथील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत त्यांनी पहिली अक्षरे गिरविली. पुढे रंगून, पुढे इंग्लंड, आणि मग दुसरे महायुद्ध. १९४४ साली इटलीच्या आघाडीवर तोफांच्या माऱ्यात ते जखमी झाले. शरीराची जखम भरली, मनाची भरली नाही. युद्धानंतर १९५१ साली बीबीसीवर त्यांनी आपल्या मित्रांसह ‘द गून शो’ हा श्राव्य कार्यक्रम सुरू केला. ज्या माध्यमातून मी आपणाशी बोलतो आहे त्याच माध्यमात, नुसत्या आवाजांच्या बळावर, त्यांनी तर्काला उलटे टांगणारी एक अजब दुनिया उभी केली. १९६० पर्यंत तो कार्यक्रम चालला आणि इंग्रजी विनोदाची दिशाच त्याने बदलली.

या यशाची दुसरी बाजू मात्र कोणी ऐकत नव्हते. दर आठवड्याला नवे लेखन करावयाचे, तेही पहिल्यापेक्षा सरस, हा भार मिलिगन यांना पेलवेना. १९५२ च्या अखेरीस त्यांचे मन कोसळले आणि त्यांना मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर आयुष्यभर उन्माद आणि नैराश्य यांचे हेलकावे ते सोसत राहिले. विनोदाने त्यांना तारले असे म्हणावे, तर विनोदाच्याच घाण्याला जुंपल्यामुळे ते आजारी पडले असेही म्हणावे लागते. ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. ‘हसणे हे सर्वोत्तम औषध’ असे आपण फळ्यावर सुविचार म्हणून लिहितो. पण औषध म्हटले की त्याची मात्राही असते. हसविणे हा ज्याचा चरितार्थ झाला त्याला ते औषध दर रात्री, भूक असो वा नसो, घ्यावे लागते. टोनी हॅनकॉक हा इंग्लंडचा अत्यंत लोकप्रिय विनोदी नट. त्याने १९६८ साली स्वतःचा अंत करून घेतला. साऱ्या देशाचे हसणे त्याच्या गाठीशी होते, ते त्याच्या उपयोगी पडले नाही.

मग मिलिगन यांनी वेगळे काय केले? त्यांनी आपला आजार लपविला नाही. मुलाखतींत, लेखांत, दूरचित्रवाणीवर ते त्याविषयी उघड बोलत राहिले. १९९३ साली अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर त्यांनी नैराश्यातून तग धरून कसे राहावे याविषयी एक पुस्तकच लिहिले. त्यात रुग्ण आणि वैद्य एकाच पानावर बरोबरीने बोलतात. २७ फेब्रुवारी २००२ रोजी ते वारले. आपण आजारी आहोत हे तुम्हाला सांगितले होतेच ना, असा टोमणा आपल्या थडग्यावर कोरावा अशी त्यांची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत रुचेना. अखेर तडजोड म्हणून तेच शब्द आयरिश भाषेत कोरण्यात आले. इंग्लंडात विंचेल्सी येथील चर्चच्या आवारात ते आजही आहेत. ग्रिमाल्डी आपले दुखणे रंगाखाली झाकून गेला. मिलिगन यांनी ते दगडावर कोरून घेतले, आणि तेही लोकांना हसू यावे अशा रीतीने. दोघांच्या मध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

आता शेवटचा टप्पा. आतापर्यंत आपण पाहिले ते हसविणाऱ्यांविषयी, ज्यांना आजाराने गाठले. आजाऱ्यालाच हसविणारा करावे, हा विचार मात्र अगदी अलीकडचा आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात डेव्हिड ग्रॅनिरर हे समुपदेशक आहेत. ते स्वतः रंगमंचावर उभे राहून विनोदी बोलतात आणि नैराश्याशीही त्यांची जुनी झुंज आहे. लँगारा कॉलेजात हौशी लोकांना ते ही कला शिकवीत असत. त्या वर्गांत त्यांच्या असे ध्यानात आले, की एकदा शंभर लोकांपुढे उभे राहून हशा वसूल केला, की माणसाच्या इतर भीती आपोआप सैल पडतात. विमानप्रवासाच्या धास्तीने ग्रासलेल्या आपल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण ते देतात. प्रयोग करून झाल्यावर ती विमानात बसली ती निर्धास्त. यातून २००४ साली त्यांनी ‘स्टँड अप फॉर मेंटल हेल्थ’ ही संस्था काढली. तिच्या वर्गांत नैराश्य, स्किझोफ्रेनिया, चिंताविकार अशा आजारांतून जाणारी माणसे येतात, काही महिने आपापल्या अनुभवांवर विनोदी बोलणे रचतात आणि शेवटी भरल्या सभागृहात ते सादर करतात. कॅनडाबरोबरच अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही हे वर्ग झाले. तुरुंगांत, सैनिकी तळांवर, विद्यापीठांत प्रयोग झाले. अलीकडे, २०२२ च्या सुमारास, इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात तर डॉक्टरांच्या शिफारशीवरून रुग्णांना विनोदाच्या वर्गास पाठविण्याचा उपक्रमही सुरू झाला. ज्या इंग्लंडात रुग्णाला पाहून हसण्यासाठी पेटीत नाणे टाकीत, त्याच इंग्लंडात वैद्याने रुग्णाला सांगावे, की जा, उभे राहा आणि आम्हाला हसवा! अडीचशे वर्षांत तराजूचे पारडे कोठून कोठे गेले!

आपण विचाराल, की नुसत्या थट्टेने मनाला आधार मिळतो तो कसा? यासाठी विनोद रचला कसा जातो ते पाहावे. समजा, सतत काळजीने पछाडलेला एक गृहस्थ लोकांपुढे उभा राहून म्हणतो: “मला काळजीचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, उगाच काळजी करू नका. तेव्हापासून मी करतो ती काळजी उगाच आहे की योग्य, याची मला काळजी लागून राहिली आहे.” हे बोलणे तीन वाक्यांचे आहे. पहिल्या वाक्यात तो मनुष्य काळजीच्या ओझ्याखाली आहे. तिसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचताना त्याला त्या ओझ्याच्या बाहेर येऊन, दोन हात दूर उभे राहून, त्याची गंमत न्याहाळावी लागते. त्याशिवाय ते वाक्य सुचतच नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली विनोदावर ग्रंथ लिहिला आणि १९२७ साली पुन्हा त्या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. त्या निबंधात ते म्हणतात, की विनोद करताना मनातील वडीलधारा भाग मनातील घाबरलेल्या लेकराला जवळ घेतो आणि समजावतो, की हे संकट वाटते एवढे मोठे नाही. एरवी हाच वडीलधारा भाग छडी घेऊन उभा असतो. नैराश्यात ती छडी थांबत नाही, हे ज्याला अनुभव आहे तो जाणतो. विनोद सुचतो त्या क्षणी ती छडी खाली ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट लज्जेची. मनाचा आजार जेवढा छळतो तेवढीच तो लपविण्याची धडपड छळते. सभागृहातील दोनशे माणसे एखाद्या वाक्याला एकदम हसतात, तेव्हा त्यांतील कित्येकजण न बोलता सांगत असतात, की आम्हालाही असेच होते बरे का! हा पुरावा तत्काळ मिळतो आणि तो खोटा देता येत नाही. कारण टाळी उसनी देता येते, हसू उसने देता येत नाही. तिसरी गोष्ट अगदी शिक्षकी पेशाची आहे: नियमित वर्ग, दिलेला गृहपाठ, तोच तोच मजकूर पुनःपुन्हा घासणे, फालतू शब्द काढणे, कोठे थांबावयाचे ते ठरविणे, आणि हे सर्व आपल्यासारख्याच दहाजणांच्या सोबतीने. अंथरुणातून उठण्याचे कारण ज्याला सापडत नाही, त्याला दर आठवड्याला कोणीतरी वाट पाहते आहे एवढे कारणही पुष्कळ असते.

तरी या वाटेवर काटे आहेत, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रॉड मार्टिन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या करून दाखविल्या: माणसे जोडणारा, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला तुडविणारा. यांपैकी पहिल्या दोहोंचा संबंध मनाच्या स्वास्थ्याशी जुळतो. स्वतःला तुडविणाऱ्या विनोदाचा संबंध मात्र उदासीनतेशी आणि काळजीशी आढळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत बोलणारा स्वतःवरच हसत असतो. फरक एवढाच, की एकात तो आपल्या संकटावर हसतो आणि दुसऱ्यात आपल्या अस्तित्वावर. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरून आलेल्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८ साली जगभर पाहिल्या गेलेल्या ‘नॅनेट’ या प्रयोगात हाच प्रश्न रंगमंचावरून विचारला. ज्याला जगाने आधीच खाली दाबले आहे, त्याने स्वतःची आणखी टिंगल करणे ही नम्रता नसून मानहानी आहे. आणि हशासाठी गोष्ट मध्येच तोडली, की जखमेचा शेवट सांगावयाचा राहून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे सोडून देता येणार नाही. म्हणूनच जखम ओली असताना तिच्यावर विनोद रचण्याची घाई करू नये आणि असे वर्ग हे औषधोपचाराच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला असावेत, हेच शहाणपणाचे. रंगमंचावरून खाली उतरल्यावर डॉक्टर, गोळ्या, झोप आणि घरची माणसे यांची गरज उरतेच.

आपल्याकडेही या प्रश्नाचा अनुभव एका वेगळ्या वाटेने आला आहे. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉक्टर मदन कटारिया यांनी अवघ्या पाच माणसांनिशी हास्यमंडळ सुरू केले. प्रारंभी ही मंडळी गोलात उभी राहून एकमेकांना चुटके सांगत. दोन आठवड्यांतच चांगले चुटके संपले, आणि उरलेले कोणाला ना कोणाला बोचू लागले. तेव्हा कटारिया यांनी चुटके सोडून दिले आणि विनोदावाचून हसण्याचा व्यायामच सुरू केला, जो आज गावोगावच्या बागांत सकाळी दिसतो. त्या बागेतील मंडळींना जी अडचण आली तीच आपल्या या साऱ्या इतिहासाची अडचण आहे. दुसऱ्याच्या व्यंगावर उभा असलेला विनोद फार दिवस पुरत नाही. स्वतःच्या अनुभवातून आलेला विनोद मात्र आयुष्यभर पुरतो, कारण त्याचा मालक तोच असतो.

मालकीचा हा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बेडलममधील विनोदाचा मालक नाणे टाकणारा प्रेक्षक होता. ग्रिमाल्डीच्या विनोदाचा मालक त्याचा मुखवटा होता. मिलिगन यांनी ती मालकी कष्टाने आपल्याकडे घेतली. व्हँकुव्हरच्या वर्गात ती साध्यासुध्या माणसांना शिकवून देण्यात येते. काय सांगावे, किती सांगावे, कोठे थांबावे आणि लोकांनी कशाला हसावे, हे सारे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याचे हसे होणे तेथेच संपते. आजार कदाचित राहतो. आजारापायी येणारी मानखंडना जाते.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली आहे. त्या प्रसंगानंतर मी त्याची क्षमा मागितली होती. तो ‘असू दे सर’ म्हणाला होता आणि विषय तेथेच मिटला होता, निदान वरवर तरी. पुष्कळ वर्षांनी, नाताळच्या सुमारास, तो लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या घरी आला. बरोबर त्याची आई होती. चांगली सावरलेली, नीटनेटकी, बोलकी बाई. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मी मनातून संकोचलो होतो आणि बहुधा तो संकोच माझ्या चेहऱ्यावर दिसत असावा. निघताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही ह्याला वर्गात धारवाडचं विचारलं होतं म्हणे. अहो, मलाच विचारायचं होतं की! मी तिथली जुनी पाहुणी. कधी वेळ आली तर सांगा, वशिला लावून खिडकीजवळची खाट देववीन.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग त्या स्वतःच हसल्या. त्यांचा मुलगा हसला, माझी पत्नी हसली आणि शेवटी मीही हसलो. तेच गाव, तेच रुग्णालय, जवळजवळ तीच चेष्टा. पण माझ्या तोंडून निघाली तेव्हा ती एका पोराच्या काळजाला लागली होती, आणि त्या माउलीच्या तोंडून निघाली तेव्हा तिने माझ्या छातीवरचा इतक्या वर्षांचा दगड उचलून बाजूला ठेवला. मला क्षमा करण्याचा याहून मोठ्या मनाचा मार्ग त्यांना सापडला नसता.

श्रोतेहो, प्रत्येकाने ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या घरात, शेजारात, वर्गात असा कोणी असेल, तर त्याच्याविषयीची गंमत आपण सांगू नये. ती त्याने सांगेपर्यंत वाट पाहावी. आणि तो सांगू लागला, की जवळ बसून ऐकावे. त्याला हसू आले, तर आपणही खुशाल हसावे.